बाळाच्या डोक्यावरची पिवळसर गाठ: कापायची की थांबायचं?

पत्र: माझी मुलगी दहा आठवड्यांची आहे. ती पंधरा दिवसांची असताना उजव्या कानाच्या वर, केसांत एक गुलाबी पुटकुळी दिसली. आता ती सात-आठ मिलिमीटरची गाठ झाली आहे. रंग पिवळसर नारिंगी, हाताला घट्ट लागते, तिच्यावर केस नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून बघून ‘ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा असावा’ असं सांगितलं. कागदावर ‘बिनाइन ट्यूमर’ लिहिलं, तीन महिन्यांनी बोलावलं आणि ‘तुम्हाला हवी असेल तर बायोप्सी करू’ म्हणाले. गेल्या आठवड्यात पाठीवर तशीच एक बारीक गाठ सापडली. बाळाचे बाबा म्हणतात, दोन्ही काढून टाकू, विषय संपेल. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला सुरी लावायची नाही. मी इंटरनेटवर वाचलं तर ल्युकेमिया आणि डोळ्यांचं काहीबाही निघालं, तेव्हापासून झोप उडाली आहे. गरोदरपणात ताप आला म्हणून गोळी घेतली होती, त्यामुळे झालं असेल का? आणि पुढच्या बाळालाही होईल का?
एक आई

सप्रेम नमस्कार.

आधी काय करायचं ते सांगते, कारणं मागाहून. गाठी आत्ता कापू नका. पाठीवरची नवी गाठ मात्र डॉक्टरांना दाखवायला तीन महिने थांबू नका, येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत दाखवा. त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाळाचे डोळे एकदा तपासून घ्या. बायोप्सीचा निर्णय ‘तुम्हाला हवी असेल तर’ असा तुमच्यावर सोपवण्यासारखा नाही. डॉक्टरांना निदानाची खात्री आहे की शंका आहे, एवढंच त्यांना सरळ विचारा. खात्री असेल तर बायोप्सी नको, शंका असेल तर करा.

पत्र वाचून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाहीये. पण तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत दिसणं, डोक्याची जागा, गुलाबीवरून पिवळसर नारिंगीकडे गेलेला रंग, हाताला लागणारा घट्टपणा, ते तुमच्या डॉक्टरांच्या अंदाजाशी चांगलं जुळतं. त्यांनी ज्यातून बघितलं त्या भिंगाला डर्मोस्कोप म्हणतात. त्यातून या गाठीचा मधला भाग नारिंगी-पिवळा आणि कड लालसर दिसते, आणि सरावलेल्या डोळ्याला ते चित्र बऱ्यापैकी ओळखीचं असतं.

आपल्या शरीरात हिस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात. नको असलेल्या गोष्टी गिळून साफसफाई करणं हे त्यांचं काम. काही बाळांमध्ये या पेशी कातडीत एका जागी जमतात आणि गाठ तयार होते. सुरुवातीला ती गुलाबी दिसते, मग पेशींमध्ये चरबीचे बारीक कण साठत जातात तशी पिवळी होते. या पिवळेपणाचा रक्तातल्या चरबीशी संबंध नाही. बाळाचं कोलेस्टेरॉल तपासायची गरज नाही आणि तुमच्या दुधात काही जास्त-कमी झालंय असंही नाही. 1905 साली अ‍ॅडमसन यांनी लहान मुलांमधल्या अशा गाठींचं वर्णन लिहिलं, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं डॉक्टर या गाठी बघत आहेत आणि त्या पुढे कशा वागतात हे चांगलं माहीत झालं आहे.

वागतात त्या अशा. पहिले काही महिने वाढतात, कधी नव्याही येतात. आई-बाबांचा धीर सुटतो तो याच काळात, आणि तुम्ही नेमक्या त्याच काळात आहात. मग वाढ थांबते, गाठ काही काळ आहे तशीच राहते, हळूहळू चपटी होते आणि बहुतेक मुलांमध्ये एक ते पाच वर्षांत, कधी त्याहून थोड्या उशिरा, विरून जाते. मागे कधी काहीच उरत नाही, कधी फिकट तपकिरी डाग किंवा किंचित सैल, पातळ कातडी उरते. डोक्यावर असेल तर त्या जागी केस थोडे विरळ राहू शकतात. या प्रकारची कातडीतली गाठ पुढे कॅन्सरमध्ये बदलत नाही. कागदावरचा ‘ट्यूमर’ हा शब्द वाचून पोटात गोळा येणं स्वाभाविक आहे, पण त्याच्या आधी लिहिलेला ‘बिनाइन’, म्हणजे निरुपद्रवी, हा शब्द डॉक्टरांनी विचार करून लिहिला आहे.

मग तरी मी नवी गाठ लगेच दाखवा असं का म्हणते? नवजात बाळांच्या कातडीवरच्या निरुपद्रवी गाठी अनेक जातींच्या असतात आणि प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं असतं. एक आपोआप जाते, एक कधीच जात नाही, एकीवर पहिल्या दोन महिन्यांत उपचार सुरू झाले तर फार फरक पडतो, एकीला घाईने सुई लावली तर नुकसान होतं. ‘कापू या’ आणि ‘हात लावायचा नाही’ ही दोन्ही मतं गाठीचं नाव पक्कं होण्याआधीची आहेत. तुमच्या घरातला वाद मिटवायचा रस्ता त्या नावातून जातो.

या नात्यातल्या काही गाठी थोडक्यात सांगते. तुमच्या बाळाला त्या आहेत असं मुळीच नाही, पण ‘थांबा’ हा सल्ला कुठे चालतो आणि कुठे नाही हे त्यातून कळेल.

सर्वात नेहमीची गाठ म्हणजे हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांची लालभडक गाठ. ही दुर्मीळ नाही, शंभरातल्या चार-पाच बाळांना होते. मुलींमध्ये आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये जास्त. बहुतेक हिमँजिओमा आपसूक ओसरतात, पण डोळ्याजवळ, नाकावर, ओठावर किंवा लंगोटाच्या जागी असतील तर थांबणं महागात पडतं, कारण त्यांची सगळ्यात वेगवान वाढ पाचव्या ते सातव्या आठवड्याच्या आसपास होते. हनुवटी-जबड्याच्या पट्ट्यात पसरलेला असेल तर श्वासनलिकेतही असू शकतो. अंगावर पाच किंवा अधिक असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात. यावरच्या औषधाची हकीकत मला फार मोलाची वाटते. 2008 साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की हिमँजिओमा असलेल्या एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं तर गाठच फिकी आणि मऊ पडू लागली. तोवर अशा बाळांना स्टेरॉइडचे मोठे डोस द्यावे लागत. आज जिथे औषधाची गरज असते तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रोप्रॅनोलॉल हाच पहिला उपचार आहे. पण ते वेळेत, म्हणजे गाठ वाढत असताना सुरू व्हावं लागतं. म्हणून लाल गाठ असलेल्या बाळाला महिन्याभराचं होईतो तज्ज्ञांनी बघितलेलं बरं.

जन्माच्या दिवशीच पूर्ण वाढलेली रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर ती वेगळी जात. तिचा एक प्रकार वर्ष-सव्वा वर्षात झपाट्याने जिरतो आणि दुसरा आयुष्यभर राहतो. नावं जवळजवळ सारखी, नशीब अगदी उलट. पहिल्या दिवशी त्यांच्यातला फरक नुसत्या बघण्याने ओळखणं अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जातं.

मास्टोसायटोमा दिसायला तुमच्या बाळाच्या गाठीसारखाच, पिवळसर तपकिरी. पण तो चोळला की लाल होऊन फुगतो, कधी वर पाण्याचा फोड येतो. ही खूण डॉक्टर स्वतः एकदा बघतात. घरी करून बघू नका, कारण जोरात चोळलं तर बाळाचा चेहरा लाल होऊ शकतो आणि इतर त्रासही होऊ शकतो. आंघोळीनंतर किंवा टोपी घासल्यावर गाठ एकाएकी फुगते असं तुम्हाला कधी दिसलं असेल तर ते मात्र डॉक्टरांना नक्की सांगा. तसं असेल तर काही वेदनाशामक औषधं बाळाला जपून द्यावी लागतात. ही गाठही बहुधा वयात येईपर्यंत निघून जाते.

बोटांवर येणारी एक तंतुमय गाठ असते. हाताचा अंगठा आणि पायाचं मोठं बोट सोडून उरलेल्या बोटांच्या बाजूंना ती येते. कापली तर पुष्कळदा परत येते आणि तशीच सोडली तर बहुतेक वेळा काही वर्षांत विरते. ‘काढली की विषय संपला’ असं मानणाऱ्या बाबांना हे उदाहरण जरूर सांगा. त्याच्या अगदी उलट, काखेत किंवा खांद्याजवळ कातडीखाली होणारी एक गाठ, फायब्रस हॅमार्टोमा, स्वतःहून सहसा जात नाही. ती काढतात आणि ती सहसा परत येत नाही. भुवईच्या बाहेरच्या टोकाला जन्मापासून हाताला लागणारी डर्मॉइडची गाठही तशीच, ती स्वतःहून जात नाही. टाळूवर मेणासारखा पिवळा, बिनकेसाचा चट्टा जन्मतःच असेल तर तो बहुधा सेबेशियस नीवस असतो, त्याला काहीही घाई नसते आणि त्याचा विचार मूल मोठं झाल्यावर निवांत करता येतो.

यातली एक गोष्ट मात्र प्रत्येक आई-बाबांनी लक्षात ठेवावी अशी आहे. गाठ शरीराच्या बरोबर मध्यरेषेवर असेल, नाकाच्या दांड्यावर, दोन भुवयांच्या मधोमध, टाळूच्या मध्यावर किंवा पाठीच्या कण्यावर, तर आधी एमआरआय, मगच सुई किंवा सुरी. अशा गाठीचा कधीकधी आत मेंदूशी किंवा मज्जारज्जूशी धागा जोडलेला असतो आणि तो न बघता छेद दिला तर जंतू थेट आत पोचू शकतात. तुमच्या बाळाची डोक्यावरची गाठ कानाच्या वर, बाजूला आहे, त्यामुळे तिला हा नियम लागत नाही. पाठीवरची कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती मणक्यांच्या रेषेवर असेल तर डॉक्टरांना ते वेगळं सांगा.

आता बाबांच्या म्हणण्याकडे वळते. त्यांना बाळाच्या अंगावर काही धोकादायक राहू द्यायचं नाही आणि मुलीबद्दल ते तसंच वाटायला हवं. पण हिशेब मांडून बघा. न कापता जी गाठ बहुधा जाणार आहे ती कापली तर त्या जागी कायमचा वण राहतो, आणि टाळूवरच्या वणात केस उगवत नाहीत. बाळ वाढतं तसा वणही ताणला जातो. दहा आठवड्यांचं बाळ स्थिर पडून राहणार नाही, म्हणजे कदाचित पूर्ण भूल द्यावी लागेल. थोडा वेळ आणि एकदाच दिलेली भूल आज बरीच सुरक्षित आहे आणि गरज असेल तेव्हा तिला घाबरू नये. पण जी शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते ती एवढ्या लहान वयात करू नये हेही तितकंच खरं. शिवाय एक काढली तरी दुसऱ्या जागी नवी येणं त्याने थांबत नाही, आणि तुमच्याकडे ती आलेली आहेच.

कापण्याला माझा विरोध नाही. गाठीतून वारंवार रक्त येत असेल, ती चिघळत असेल, पापणीवर असून नजरेच्या आड येत असेल किंवा मोठी होऊन वावरताना सतत दुखावली जात असेल तर काढावी. मूल पाच-सहा वर्षांचं झाल्यावरही राहिली आणि त्याला नकोशी वाटू लागली तर तेव्हाही काढता येते, आणि तेव्हा त्या मुलीलाही विचारता येतं.

बायोप्सी म्हणजे सगळी गाठ काढणं असं तुमच्या घरी वाटत असावं. तसं नाही. जागा बधिर करणारं इंजेक्शन देऊन तीन-चार मिलिमीटरचा कातडीचा तुकडा घेतात, एखादा टाका घालतात. काम काही मिनिटांचं. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की या गाठीत एक ठळक खूण बहुधा सापडते. मध्यभागी केंद्रकांचं कडं आणि भोवती फेसाळ चरबी असलेल्या मोठ्या पेशी असतात, त्यांना टूटोन पेशी म्हणतात. अगदी कोवळ्या गाठीत त्या नसूही शकतात, म्हणून तुकड्यावर काही खास रंगचाचण्या करून लँगरहान्स पेशींचा आजार नाही ना, हे बघतात. तो आजार हिस्टिओसाइटच्याच घराण्यातला, पण त्याच्या तपासण्या आणि उपचार निराळे. सात मिलिमीटरची, रंगारूपाने ठरावीक गाठ आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी असेल तर मी बायोप्सी सुचवणार नाही. दोघींचं रूप वेगवेगळं असेल, एखादी निळसर किंवा जांभळी असेल, खालच्या मांसाला चिकटल्यासारखी हलत नसेल किंवा आठवड्यागणिक झपाट्याने वाढत असेल तर मी स्वतःहून आग्रह धरीन. लहान बाळांमध्ये क्वचित घातक गाठीही निरुपद्रवी गाठीचं रूप घेऊन येतात आणि तिथे अंदाजावर भागत नाही.

ल्युकेमियाबद्दल, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरबद्दल, तुम्ही जे वाचलंत ते कुठून आलं ते नीट सांगते, कारण अर्धवट वाचलेली गोष्ट फार छळते. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप एक नावाचा एक जनुकीय विकार आहे, साधारण तीन हजार जन्मांत एक एवढं त्याचं प्रमाण. या विकाराच्या मुलांना लहानपणी होणारा एक विशिष्ट ल्युकेमिया होण्याची शक्यता मुळातच इतरांपेक्षा जास्त असते. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असं मांडलं गेलं, की हा विकार आणि या पिवळ्या गाठी दोन्ही एकाच मुलात असतील तर ती शक्यता आणखी बरीच वाढते. पुढच्या काही अभ्यासांत मात्र तसा वाढीव धोका दिसला नाही आणि आज पुष्कळ तज्ज्ञ त्या आकड्यांकडे साशंक नजरेने बघतात. मुळात तो ल्युकेमिया इतका विरळा, की वर्षाला दहा लाख मुलांमागे एखाद-दुसरंच. ज्या बाळाला तो जनुकीय विकार नाही, नुसत्या एक-दोन पिवळ्या गाठी आहेत, त्याच्या बाबतीत ही काळजी करण्याचं कारण नाही.

तुम्हाला करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. बाळाला उघडं करून चांगल्या उजेडात सगळं अंग बघा. दुधाळ चहाच्या रंगाचे, सपाट, स्वच्छ कडांचे डाग आहेत का? एखाद-दुसरा डाग पुष्कळ निरोगी मुलांना असतो. पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील तर बालरोगतज्ज्ञांना सांगायचं. हे डाग जन्मतः सगळे दिसतातच असं नाही, पहिल्या वर्षभरात उमटत जातात, म्हणून आज नसले तरी दर दोन-तीन महिन्यांनी अशीच एक नजर टाकत राहा. डाग नाहीत, बाळ दूध पितंय, वजन वाढतंय, तर रक्ताच्या तपासण्यांच्या मागे लागू नका. एवढ्या लहान बाळाला उगाच टोचून मिळालेला एखादा मागे-पुढे आकडा नव्या काळज्या उभ्या करतो.

डोळ्यांचा मुद्दा मी जास्त गंभीरपणे घेते. या गाठी क्वचित डोळ्याच्या आत, बुबुळाच्या रंगीत पडद्यावर होतात. प्रमाण फारच कमी आहे, पण झाल्या तर आत रक्तस्राव होऊ शकतो, डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि नजर जाऊ शकते. दोन वर्षांखालच्या आणि एकाहून अधिक गाठी असलेल्या बाळांमध्ये ही शक्यता त्यातल्या त्यात जास्त. तुमचं बाळ त्या गटात आता बसतं, म्हणून तपासणी करून घ्या असं म्हणते. ती दुखत नाही. थेंब घालून उजेडात बघतात. पुढेही डोळा लाल दिसला, उजेडात बाळ डोळे घट्ट मिटू लागलं, दोन डोळ्यांच्या पडद्यांचा रंग वेगळा वाटला, बुबुळाच्या खालच्या भागात रक्ताची रेघ दिसली किंवा एक डोळा मोठा वाटू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

इतर कशासाठी धाव घ्यायची? गाठ एकाएकी टणक, तापलेली, जांभळी होऊन आजूबाजूला रक्त साकळल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी. रक्तवाहिन्यांच्या काही दुर्मीळ गाठींमध्ये रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी गाठीतच अडकून संपत जातात. कासाबाख आणि मेरिट या दोन डॉक्टरांनी 1940 साली हे पहिल्यांदा नोंदवलं, आणि तो खरोखरीचा तातडीचा प्रसंग असतो. अंगभर निळसर गाठी उमटल्या, बाळ फिकं पडलं, ताप राहिला, दूध तोडलं, पोट फुगून कडक लागलं, तरीही लगेच दाखवा. तुमच्या बाळाबाबत यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. मी हे सांगते ते रात्री दोन वाजता मनात शंका आली तर कशाकडे बघायचं ते माहीत असावं म्हणून.

थांबायचं ठरलं की ते नीट करायचं. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात दोन्ही गाठींचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. फोटोखाली तारीख आणि मिलिमीटर लिहून ठेवा. रोज रोज मोजू नका. रोज बघणाऱ्याला वाढ कळतही नाही आणि नसलेली दिसूही लागते. तीन महिन्यांनी डॉक्टरांसमोर हे फोटो ठेवलेत तर त्यांना कुठल्याही आठवणीपेक्षा ते जास्त उपयोगी पडतील. बाकी बाळाचं सगळं नेहमीसारखं चालू द्या. आंघोळ घाला, त्या जागेवर हात हलका ठेवा, घट्ट टोपी नको. गाठीला दोरा बांधणं, जळजळणारं काही लावणं, नखाने खरवडणं यातलं काहीही कुणी सुचवलं तरी करू देऊ नका. कोवळी कातडी भाजते, पिकते, आणि मग मूळ गाठ कशी होती हेही कळेनासं होतं. लसी ठरल्या वेळी द्या, फक्त सुई गाठीवर टोचायची नाही.

सासूबाईंना सांगा, सुरी लावायची नाही या मतात मी त्यांच्या बाजूची आहे. मात्र सुरी लावायची नाही म्हणजे डॉक्टरांकडे जायचं नाही असं होऊ नये. पुढच्या भेटीला शक्य असेल तर त्यांनाही बरोबर न्या आणि बाळाच्या बाबांनाही. डॉक्टरांच्या तोंडून एकदाच, एकाच वेळी सगळ्यांनी ऐकलं, की घरी येऊन तुम्हाला दोघांच्या मधे उभं राहून समजावत बसावं लागत नाही. आत्ता ते सगळं ओझं तुमच्या एकटीवर आलेलं दिसतंय, आणि दहा आठवड्यांच्या बाळाच्या आईवर ते येऊ नये.

तापाच्या गोळीचा आणि या गाठीचा काही संबंध सापडलेला नाही. तुमचं खाणं, तुमची चिंता, बाळंतपण कसं झालं, यातल्या कशानेही ही गाठ होत नाही. ताप आला तेव्हा तुम्ही गोळी घेतलीत, ते योग्यच होतं. गरोदरपणात अंगात चढता ताप राहू देणं बाळाला चांगलं नसतं. हा प्रश्न तुम्ही पत्रात अगदी शेवटी, ओझरता विचारलाय, पण झोप उडायला तोच जास्त कारणीभूत असावा असं मला वाटतं. त्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. तरीही रात्रीची झोप येतच नसेल, रडू येत राहत असेल, बाळाजवळ असतानाही मन लागत नसेल, तर बाळंतपणानंतरच्या उदासीवर उपचार आहेत. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दलही सांगा.

राहिला पुढच्या बाळाचा प्रश्न. या गाठी जवळजवळ नेहमी सुट्या, एकेका बाळापुरत्या येतात. घराण्यात उतरत नाहीत. याला अपवाद एकच. बाळाच्या अंगावर पुढे ते चहाच्या रंगाचे डाग पुरेशा संख्येने उमटले आणि जनुकीय विकाराचं निदान झालं, तर तुम्हा दोघांचीही कातडी आणि डोळे तपासतील. त्या विकाराच्या सुमारे निम्म्या मुलांमध्ये जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो आणि आई-बाबा दोघेही निरोगी असतात. आई किंवा बाबांना तो असेल तर दर गरोदरपणात तो बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. तेव्हा जनुकीय सल्लागारांशी बोलून ठरवायचं. डाग उमटले नाहीत तर पुढच्या बाळासाठी कुठलीही वेगळी तपासणी लागणार नाही.